खाल्ला तरी चालेल असा चिखल

मराठी घरातले मूल 'आई' कधी म्हणाले याची नोंद सगळेजण ठेवतात. 'शी' कधी म्हणाले याची कोणी ठेवीत नाही. माझा आपला अंदाज असा, की हे दोन शब्द फार अंतराने येत नसावेत. ओल्या मातीला हात लागला, 'शी!' ताटातले वरण कोपरापर्यंत ओघळले, 'शी!' केळे मुठीत कुस्करले, तेही 'शी'च. मराठी शिकवण्यात वीसएक वर्षे घालवलेल्या बाईला या शब्दाचा राग यावा यात नवल नाही. हा एकटा शब्द दहावीस चांगल्या शब्दांची जागा अडवून बसतो. बुळबुळीत, गिळगिळीत, लिबलिबीत, सरबरीत, रवाळ, चिकट, मऊसूत, भरभरीत, खरखरीत. हे सारे शब्द आधी बोटांना कळतात आणि मग जिभेवर येतात. यंदा पहिल्या वर्षाच्या वर्गात 'भरभरीत' आणि 'खरखरीत' यांतला फरक विचारला, तर भरलेल्या वर्गातून एकाच मुलाने सांगितला. त्याच्या वडिलांची पिठाची गिरणी आहे.

ही प्रस्तावना अशासाठी, की हल्ली मला भेटणाऱ्या तरुण आया एकच तक्रार करतात. बालवाडीच्या बाई सांगतात, मुलाला ओले, चिकट, रवाळ असे सगळे हाताळू द्या. बालरोगतज्ज्ञही तेच सांगतात. ठीक आहे, पण दीड वर्षाचे मूल हाताळून थांबते का? हाती आले ते तोंडात गेलेच पाहिजे, हा त्याचा नियम. मग देणार काय? रांगोळी द्यावी तर ती दगडाची भुकटी. बाजारची रंगीत माती द्यावी, तर डब्यावरच लिहिलेले असते की तीन वर्षांखालच्या मुलांना देऊ नये.

मुलाचे तोंड हा त्याचा तिसरा हात आहे, हे एकदा मान्य केले की निम्मा प्रश्न सुटतो. ओठ आणि जिभेचे टोक इतकी स्पर्श ओळखणारी जागा शरीरावर बोटांची टोके सोडली तर क्वचितच असेल. वस्तू तोंडात घालणारे मूल हावरे नसते. ते वाचीत असते. त्याला 'तोंडात घालू नको' असे दर मिनिटाला सांगण्यापेक्षा, तोंडात गेले तरी बिघडणार नाही असेच काही पुढ्यात ठेवणे अधिक शहाणपणाचे. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. 'चाखले तरी चालेल' म्हणजे 'पोटभर खावे' असे नव्हे. आणि जो पदार्थ मुलाने आधी जेवणात खाल्लेला आहे व त्याला सोसलेला आहे, तोच खेळायला द्यावा. कोणाला दूध सोसत नाही, कोणाला गहू. ते खेळताना कळण्याची वेळ येऊ नये.

आमच्याकडे हा उद्योग सुरू झाला तो नणंदेच्या मुलीमुळे. वन्सं शेजारच्याच इमारतीत राहतात, बँकेत नोकरी करतात, आणि छकुली दिवसभर आमच्याकडे असते. वय वर्षे पावणेदोन. आजी, मामी आणि नऊ वर्षांचा मामेभाऊ एवढी प्रजा तिच्या राज्यात आहे.

तिच्यासाठी मी पहिला जो चिखल केला तो नाचणीचा. कृती सांगते. दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ वाटीभर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवावे आणि मंद आचेवर ढवळत नीट शिजवावे. खदखदून चकाकी आली, चमच्याला लपेटू लागले की उतरवावे. निवताना ते आणखी घट्ट होते. फारच झाले तर उकळून गार केलेले पाणी घालून सैल करता येते. मीठ नको, साखरही नको. साखर घातली की खेळाचे जेवण होते आणि मुंग्यांना आमंत्रण जाते. कोमट झाल्यावर परातीत ओतावे. रंग, चकाकी, बोटांच्या फटींतून येण्याची रीत, सगळे थेट पावसाळ्यातल्या बांधावरच्या चिखलासारखे. छकुलीने आधी एक बोट लावले, मग ते चोखले, मग दोन्ही तळवे आपटले. पाचव्या मिनिटाला ती परातीत उभी होती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी उत्तर दिले असते. त्या एवढेच म्हणाल्या, "अन्न चिवडू नये गं. आणि पायाखाली तर नाहीच." आणि आत निघून गेल्या.

सासूबाई सोलापूरकडच्या. १९७२ च्या दुष्काळात त्या सोळा वर्षांच्या होत्या आणि आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. तिथे मिळालेली सुकडी पदराच्या गाठीला बांधून धाकट्या भावांसाठी घरी आणायची. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापताना मोडायची आणि खाताना घशात अडकायची. पण त्या भाकरीचा चतकोरही कधी टाकला गेला नाही, असे त्या सांगतात. अशा बाईला मी बालमानसशास्त्र काय सांगणार? स्पर्शाचे शिक्षण, मेंदूची वाढ, हे सगळे खरे असेल. परातीत अन्न तुडवणारे पाय पाहून त्यांच्या पोटात जे कालवते तेही तितकेच खरे आहे. रात्री त्यांनीच विषय काढला. "तू म्हणतेस ते बरोबर असेल. मला बघवत नाही, एवढंच."

हा आक्षेप 'जुन्या माणसांचे असेच' म्हणून उडवून लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. मला ते जमत नाही, आणि जमावे असेही वाटत नाही. किलोभर साबुदाणा टबात ओतून त्यात मूल बसवल्याची छायाचित्रे लोक एकमेकांना दाखवतात. ती पाहून मलाही बरे वाटत नाही. मुलाला दोन चमचे पिठात जेवढे कळते, त्याहून किलोभरात काही अधिक कळत नाही. छायाचित्र मात्र चांगले येते.

दोन दिवसांनी पोळ्या करता करता सासूबाई आपल्याच तंद्रीत सांगू लागल्या, की त्यांची आजी त्यांना कणकेची चिमणी करून देई. ती चिमणी दिवसभर हातात मळून काळी होई, आणि रात्री निखाऱ्यावर भाजून भावंडे ती वाटून खात. मी लाटणे थांबवून ऐकत राहिले. म्हणजे अन्नाशी खेळणे त्यांच्या घरीही होते. त्या खेळाचा शेवट केराच्या बादलीत होत नव्हता, एवढाच फरक.

आता कणकेबद्दल एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती चिमणी आपल्या सगळ्यांच्याच आठवणीत आहे. पीठ हे कच्चे असते. गहू शेतातून येतो, दळला जातो, पण त्यात जंतू मरतील असे काही त्याला घडत नाही. २०१६ साली अमेरिकेत कच्च्या पिठातून ई कोलाय या जंतूची मोठी लागण झाली. तपासात असे आढळले, की आजारी पडलेल्यांपैकी काही मुले उपाहारगृहात खेळायला दिलेला कच्च्या कणकेचा गोळा हाताळीत होती. पीठ घरी कढईत भाजून घेतले म्हणजे झाले, असेही नाही. कोरड्या पिठातले जंतू तेवढ्याने मरतीलच याची खात्री देता येत नाही. तोंडात घालणाऱ्या मुलाला द्यायचे ते पाण्यात नीट शिजवलेलेच द्यावे, हे बरे.

आणि शिजवलेली कणीक आपल्याकडे आहेच की! तिला आपण उकड म्हणतो. वाटीभर पाणी, त्यात चमचाभर तूप, उकळी आली की वाटीभर तांदळाची पिठी, ढवळून झाकण, दोन वाफा, आणि कोमट असताना तेलापाण्याच्या हाताने मळणे. याहून मऊ, याहून आज्ञाधारक गोळा बाजारात कोणी विकत असेल असे मला वाटत नाही. गणपतीत सारण संपते आणि उकड उरते, हा तर प्रत्येक घरचा अनुभव. त्या उरलेल्या उकडीत जिरे-मिरची घालून आपण निवगऱ्या उकडतो. मी तेच केले: पेरूएवढा गोळा छकुलीसमोर ठेवला, अर्ध्या तासाने तिच्या हातचे ठोकळे, सापसुरळ्या आणि ओळखू न येणारे प्राणी पुन्हा वाफवून घेतले. सासूबाईंनी ते नातीच्या हातचे म्हणून खाल्ले, आणि दुसऱ्या खेपेला चिमणी त्यांनी स्वतः करून दिली. (चोच माझ्या नवऱ्याच्या नाकासारखी झाली होती, ते मी बोलले नाही.) उकड मात्र त्याच दिवशी, त्याच वेळी संपवावी, शिजलेला तांदूळ तासन् तास बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी खेळायला किंवा खायला देऊ नये.

तेव्हापासून आमच्या घरी एक अलिखित करार आहे. खेळाला लागेल ते एक तर दोन चमच्यांच्या मापात, नाहीतर मुळातच टाकले जाणारे. हे दुसरे किती असते ते शोधू लागल्यावरच कळते. भाताची काढून टाकलेली पेज, कोमट आणि बुळबुळीत. बीट उकडलेले गुलाबी पाणी. मक्याच्या कणसाचे रेशमी केस. हे मात्र पाहण्याला आणि कुरवाळण्याला, गिळण्याला नव्हेत. कोणी खाणार नाही असे काळे पडलेले केळे. कलिंगडाची जाड साल, पांढऱ्या बाजूने. पेजेत बीटचे पाणी घातले की परातभर गुलाबी रंग होतो. ज्यांना तो घट्ट हवा असेल त्यांनी चमचाभर कॉर्नफ्लॉअर गार पाण्यात कालवून त्यात शिजवावे. बोटाने चित्रे काढायला इतका छान रंग, आणि बोट चोखले तर काय होईल याची धास्ती नाही. तरीही नाचणीच्या परातीच्या दिवशी सासूबाई जप घेऊन देवघरात बसतात. बसू देत.

आता काय देऊ नये, ते थोडे कडक शब्दांत सांगते. मध वर्षाच्या आतल्या मुलाला कोणत्याही निमित्ताने नको, चाटवायला नको आणि खेळायलाही नको. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून तान्ह्या मुलाला लुळेपणा आणणारी विषबाधा होऊ शकते. मिठाची कणीक, म्हणजे दोन वाट्या पिठाला वाटीभर मीठ घालून टिकाऊ केलेला गोळा, हा 'घरचाच' म्हणून सुरक्षित समजला जातो; पण लहान मुलाने त्याचा मोठा घास गिळला तर मिठाचे प्रमाण धोक्याचे होते. सुकी कडधान्ये आणि कोरडा साबुदाणा तीन वर्षांच्या आत नकोतच. हरभरा नाकात गेला की तिथेच फुगतो, हे डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन शिकण्याची गोष्ट नाही. कच्चा राजमा तर विषारीच. गुंजांची लाल-काळी माळ जुन्या पेटीत असेल तर ती पेटीतच राहू द्या. गुंजेचे बी चावले गेले तर जीवावर बेतते. संक्रांतीच्या बोरन्हाणाचेही असेच. मुलाच्या डोक्यावरून चुरमुरे ओतावेत, गंमत आहे. पण बोरे, हरभरे, शेंगदाणे आणि उसाचे कर्वे एक-दोन वर्षांच्या मुलाभोवती सांडायचे आणि फोटो काढीत उभे राहायचे, हे मला पाहवत नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे ते पाण्यात फुगणारे रंगीत मणी. कुंडीत आणि फुलदाणीत घालायला मिळतात, दिसायला साबुदाण्याचे श्रीमंत भाऊ. पोटात गेले की तिथेही फुगतात आणि आतडे अडवतात. २०२३ साली अमेरिकेत एका दहा महिन्यांच्या बाळाचा त्यात जीव गेला. ज्यांना बोटांखाली सरकणारे थंडगार दाणे हवेत त्यांनी सब्जा पूर्ण भिजवून, फुलवून, मोठ्या मुलाला द्यावा. आणि पाणी: परातीत बोटभर पुरे. बादली भरून ठेवू नये, आणि फोन वाजला तर मूल उचलून घेऊन फोनकडे जावे.

हा सगळा परदेशी थाट आहे असे कोणी म्हणेल, म्हणून सांगते. माँटेसरीबाई १९३९ साली मद्रासला अड्यारला आल्या आणि युद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या. खरखरीत आणि गुळगुळीत पट्ट्यांवरून मुलाची बोटे फिरवणे हा त्यांच्या शिक्षणाचा पाया. पण ती साधने महाग. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुलांसाठी त्यांनी साधने शोधली ती आसपासचीच: पाने, बिया, शंख-शिंपले, खडे, माती. अंगणातच शाळा भरवली, आणि 'अंगणवाडी' हा शब्दही तिथलाच. तेव्हा परात आणि नाचणी यांत लाजण्यासारखे काही नाही. उलट चारशे रुपयांच्या खोक्यात बंद केलेली 'स्पर्शसामग्री' विकत घेण्याआधी स्वयंपाकघराचे फडताळ उघडून पाहावे.

सगळीच मुले परातीत उडी घेत नाहीत. आमच्या वरच्या मजल्यावर तीन वर्षांचा एक मुलगा आहे. बोटाला दह्याचा ठिपका लागला तर तो हात लांब धरून रडतो. त्याच्या आईने एकदा त्याचे दोन्ही हात धरून उकडीत दाबले. तो आठवडाभर आमच्या दारातून आत आला नाही. अशा मुलाला आधी चमचा द्यावा, कलथा द्यावा. घट्ट तोंड बांधलेल्या जाड पिशवीत नाचणी भरून ती बाहेरून दाबू द्यावी, अर्थात आपण शेजारी बसून. ओल्या फडक्याची घडी जवळ ठेवावी. हात पुसता येतो हे ठाऊक असले की हात भरवण्याचे धैर्य येते. तो मुलगा आता चमच्याच्या दांड्याने चिखलात रस्ते काढतो. बोट अजून लावीत नाही. मुलाला जेवणात, कपड्यांत, केस कापण्यातही असाच त्रास होत असेल तर डॉक्टरांना विचारावे. एरवी घाई कशाला? आणि तोवर आपल्या चेहऱ्यावर लक्ष ठेवावे. 'शी' आपण तोंडाने म्हटली नाही तरी नाकाने म्हणतोच.

त्याऐवजी काय म्हणावे? जे आहे ते. "बुळबुळीत लागतंय ना?" "हे बघ, आता चिकट झालं." शिकवल्यासारखे नाही, आमटीत मीठ घालता घालता बोलतो तसे. छकुलीने परवा पेजेत हात घालून 'बुबुईत' असा शब्द काढला. व्याकरणदृष्ट्या मी त्यावर काही भाष्य केले नाही.

दिवाळीत या खेळाला एक हक्काची जागा आहे, ती म्हणजे किल्ला. आमच्या चिरंजीवांची किल्ल्याची माती आवारात येऊन पडली आहे. त्या मातीत मांजरे फिरतात, जंतांची अंडी असतात. नऊ वर्षांच्या मुलाने काम झाल्यावर साबणाने हात धुतले की भागते, पावणेदोन वर्षांच्या मुलीचे तसे नाही. तेव्हा तिचा किल्ला शेजारी परातीत: नाचणीचा डोंगर, उकडीचा बुरूज, बीटच्या पाण्याचे तळे. मोठा अळीव पेरील तेव्हा हिच्या हातात चार भिजवलेले दाणे द्यायचे, त्यांच्याभोवती सुटलेला बुळबुळीतपणा बोटांना कळेल. दोन्ही किल्ल्यांच्या मधे मोठे माणूस एक हवेच; फटाक्यांची दारू आणि नागगोळ्या या दिवसांत कोणाच्या खिशातून कुठे सांडतील याचा नेम नाही, आणि त्या मुलाच्या तोंडात जाण्याच्या वस्तू खासच नव्हेत.

खेळाची वेळ आंघोळीच्या आधीची, जागा मोरीजवळची किंवा बाल्कनीची, वेष एका बनियनचा. खाली जुनी चादर. वीस मिनिटे पुष्कळ झाली. मूल उठू लागले की संपले, उरलेल्या चिखलाची कीव करून त्याला पुन्हा बसवू नये. उरलेले मोरीत ओतू नका, शिजलेली खळ नळीत घट्ट बसते. कुंडीतल्या मातीत थोडे खाली पुरावे, नाहीतर ओल्या कचऱ्यात टाकावे.

रंगासाठी हळद वापरायची असेल तर खात्रीची वापरा, आणि चिमूटभरच. बीटचा डाग लगेच गार पाण्याने धुतला की बहुधा जातो. हळदीचा साबणाने जात नाही, उलट लाल होतो. तो कपडा धुऊन दोन दिवस कडक उन्हात टाकावा. हळद उन्हात विटते.